मेल भरून समोर यावा, बटण मात्र माणसाने दाबावं

प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या ऑफिसात एक ताई कागदपत्रांचं काम बघतात. हंगामात प्रत्येक कंटेनरमागे तीन मेल जातात. परदेशातल्या खरेदीदाराला इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, न्हावाशेव्याच्या कस्टम हाऊस एजंटला सगळा संच, आणि ज्या बागायतदाराचा माल आहे त्याला मराठीतून वजनाचा हिशेब आणि रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधांच्या उरलेल्या अंशांचा तपासणी अहवाल). मजकूर ठरलेला असतो. बदलतो तो कंटेनर नंबर, प्लॉट नंबर आणि जोडायची पीडीएफ. एक्सेलच्या यादीवरून नावं उचलून मेलटूची लिंक (दाबली की पत्ता-विषय भरलेला मेल उघडणारी) उघडणारी बॅच फाइल (विंडोजच्या कमांड ओळीने चालवणारी साधी फाइल) त्यांनी लिहिली, पण विषय अर्ध्यातच तुटतो, बागायतदारांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि पीडीएफ काही केल्या जोडली जात नाही. मेल आपोआप जावा असं त्यांना नकोच आहे. तो पूर्ण भरून समोर उघडावा, नजर टाकून त्या स्वतः पाठवतील. ऑफिसात दोन संगणकांवर जुनं आउटलुक आहे, एकावर नवं, आणि मालक ब्राउझरमधून जीमेल वापरतात.

ताई, ‘मी स्वतः पाठवीन’ हा आग्रह अजिबात सोडू नका. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आणि पिंपळगाव-दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये मी अशीच कामं लावून देतो, आणि ‘सरळ पाठवूनच टाका ना’ अशी मागणी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी होते. तुमच्या धंद्यात ते धोक्याचं आहे. ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या नोंदणी व्यवस्थेत बागेची नोंदणी प्लॉटनुसार असते आणि रेसिड्यू रिपोर्टही प्लॉटचाच असतो. यादीतली एक ओळ खाली सरकली तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या मालाला लागतो, आणि बाहेरच्या खरेदीदाराकडे गेलेला मेल परत घेता येत नाही. यंत्राने भराभर टायपिंग करावं, पण पाठवण्याच्या एक पायरी आधी थांबावं. खालचं सगळं या हिशेबाने लिहिलं आहे. कमांडची नावं मी देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाका.

आधी पीडीएफचं बोलू, कारण मार्ग कोणता घ्यायचा ते तिच्यावरच ठरतं. मेलटू लिंकने फाइल जोडता येत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, प्रमाणातच ती सोय नाही. मेलटूचं जुनं प्रमाण 1998 चं, आणि त्याच्या जागी आलेलं आरएफसी 6068 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) हे 2010 चं. दोन्हींत पत्ता, सीसी, बीसीसी, विषय आणि मजकूर एवढंच भरवशाने देता येतं. काही मेल प्रोग्रामांनी ‘अटॅच’ नावाचं एक फील्ड स्वतःहून चालवून पाहिलं होतं. त्याचा तोटा उघड आहे: कुठल्याही वेबपानावरची लिंक दाबली की तुमच्या संगणकावरची खासगी फाइल गुपचूप मेलला चिकटू शकते. 2020 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी काही प्रोग्रामांत नेमकं हेच करून दाखवलं आणि ती दारं बंद झाली. तेव्हा इंटरनेटवर जुनी ‘अटॅच’ची युक्ती सापडली तर तिच्यामागे लागू नका. फाइल जोडायची असेल तर थेट मेल प्रोग्रामशीच बोलावं लागतं.

तरीही मेलटू टाकाऊ नाही. ‘कंटेनर गेटबाहेर पडला’ असा नुसत्या मजकुराचा मेल असेल तर तीच सर्वांत सोपी वाट, आणि ती कुठल्याही प्रोग्रामबरोबर चालते. फक्त तुमचा विषय का तुटतो ते समजून घ्या, कारण इथे दोन वेगवेगळे थर आहेत आणि दोघांचे नियम वेगळे आहेत.

पहिला थर कमांड प्रॉम्प्टचा. त्याच्या लेखी & म्हणजे ‘ही कमांड संपली, पुढची घे’. म्हणून पूर्ण लिंक दुहेरी अवतरणात हवी. ‘स्टार्ट’ कमांडची आणखी एक खोड आहे: पहिलं अवतरण ती खिडकीचं शीर्षक समजते. त्यामुळे ‘स्टार्ट’नंतर आधी रिकामं अवतरण "" द्यायचं आणि मग अवतरणातली लिंक. आणि बॅच फाइलमध्ये % चा अर्थ वेगळा होतो. %2 म्हणजे फाइलला दिलेली दुसरी किंमत. तुम्ही स्पेससाठी %20 लिहिलंत की प्रॉम्प्ट त्यातलं %2 उचलतो, तिथे काहीच नसतं म्हणून ते उडतं, आणि मागे नुसता 0 उरतो. तुमच्या विषयात शब्दांच्या मध्ये शून्य दिसत असतील तर कारण हेच. बॅच फाइलमध्ये %%20 असं दुहेरी लिहावं लागतं. हीच लिंक प्रॉम्प्टवर हाताने टाइप केली तर एकेरी % चालतो, म्हणून ‘हाताने चालतं, फाइलमधून चालत नाही’ असा गोंधळ उडतो.

दुसरा थर मेलटूचा स्वतःचा. तिथे ? नंतर फील्ड सुरू होतात आणि & ने एक संपून दुसरं लागतं. तुमचा विषय आहे ‘इन्व्हॉइस & पॅकिंग लिस्ट’. अवतरण घालून प्रॉम्प्टपासून वाचवलंत तरी मेल प्रोग्राम त्या & पाशी विषय संपला असंच समजणार. तिथे %26 हवं. # चंही तसंच, कंटेनर नंबरच्या आधी लोक सवयीने ते चिन्ह टाकतात आणि पुढचं सगळं गायब होतं, तिथे %23. ओळ बदलण्यासाठी प्रमाणाप्रमाणे टक्का-शून्य-डी आणि टक्का-शून्य-ए हे दोन्ही लागोपाठ द्यायचे.

हे कोड हाताने लिहीत बसू नका. पॉवरशेल या विंडोजबरोबर येणाऱ्या, कमांड आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात यूआरआय वर्गाचं ‘एस्केपडेटास्ट्रिंग’ आहे, त्याला मजकूर दिला की सगळी चिन्हं व्यवस्थित बदलून मिळतात. पायथॉनवाल्यांसाठी यूआरएललिबमधलं ‘कोट’. पायथॉनचं ‘यूआरएलएनकोड’ मात्र स्पेसच्या जागी + टाकतं. वेब फॉर्मला ते चालतं, मेलटूला नाही, आणि खरेदीदाराला ‘इन्व्हॉइस+अँड+पॅकिंग+लिस्ट’ असा विषय जातो. त्याला ‘कोट_व्हाया’मध्ये ‘कोट’ सांगा म्हणजे %20 येईल.

पण मराठीचा मजकूर मोठा असेल तर मेलटू तिथेच लंगडी पडते. यूटीएफ-8 मध्ये (सगळ्या लिपींची अक्षरं साठवण्याची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटला % धरून 3 अक्षरं लागतात. ‘नमस्कार’ हा शब्द बघा. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी 7 चिन्हं, म्हणजे 21 बाइट, म्हणजे लिंकमध्ये 63 अक्षरं. कमांड प्रॉम्प्टची एक ओळ जास्तीत जास्त 8191 अक्षरांची असते. म्हणजे मराठीची जेमतेम नऊशे चिन्हं, तीही पत्ता आणि विषय धरून. बागायतदाराला वजन, कपात आणि दराचा तपशील लिहायचा तर ही जागा पुरत नाही.

आता प्रश्नचिन्हं. इथे नीट बघा, कारण मराठी दोन तऱ्हांनी बिघडते आणि दोघांवरचे उपाय वेगळे आहेत. नावाच्या जागी ओळीने ???? दिसत असतील तर अक्षरं साठवतानाच मेली आहेत. ती कुठल्याही सेटिंगने परत येत नाहीत, मूळ यादीकडेच जावं लागतं. तुमच्या बाबतीत एक्सेलमधून ‘सीएसव्ही’ (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून साठवताना हे झालेलं दिसतं. साध्या सीएसव्हीत देवनागरीला जागाच नसते. ‘सेव्ह ॲज’च्या यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ असा वेगळा प्रकार आहे, तो निवडा. याउलट, टोप्या घातलेली विचित्र युरोपीय अक्षरं दिसत असतील तर माल शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतो आहे. बॅच फाइलमध्ये तेव्हा वर ‘सीएचसीपी 65001’ ही ओळ टाकतात. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल 5.1 मध्ये वेगळीच मेख आहे: तुमच्या स्क्रिप्टमध्येच मराठी मजकूर असेल तर ती फाइल ‘यूटीएफ-8 विथ बीओएम’ (म्हणजे सुरुवातीलाच यूटीएफ-8 ची खूण असलेली) म्हणून साठवा, नाहीतर तो तिला जुन्या पद्धतीची फाइल समजतो. पॉवरशेल 7 घेतलं तर हा प्रश्न येत नाही.

जुनं आउटलुक असलेल्या दोन संगणकांवर काय करायचं, ते आता सविस्तर. आउटलुकला कमांडवरून थेट सांगायची जुनी पद्धत आहे: ‘आउटलुक.ईएक्सई’, मग /सी आणि ‘आयपीएम.नोट’, मग /एम आणि पत्ता, मग /ए आणि फाइलचा मार्ग. भरलेला मेल फाइलसकट उघडतो. पण /ए ला एकच फाइल देता येते. एजंटला तर तुम्हाला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला) असा संच पाठवायचा असतो. म्हणून मी या वाटेला जातच नाही, सरळ पॉवरशेलमधून आउटलुकला हाताशी धरतो.

पॉवरशेलमध्ये ‘न्यू-ऑब्जेक्ट -कॉमऑब्जेक्ट आउटलुक.ॲप्लिकेशन’ म्हटलं की चालू असलेलं आउटलुक हाती येतं. त्याच्या ‘क्रिएटआयटम’ला 0 दिला की कोरा मेल मिळतो. मग त्याचे ‘टू’, ‘सीसी’, ‘सब्जेक्ट’ भरायचे आणि ‘अटॅचमेंट्स.ॲड’ हवं तितक्या वेळा, दर फाइलला एकदा. कोड बदलायची कटकट नाही, &, # किंवा मराठी जसंच्या तसं चालतं आणि लांबीची अडचण उरत नाही. शेवटी ‘डिस्प्ले’ म्हटलं की खिडकी समोर उघडते. त्याच जागी ‘सेंड’ लिहिलं तर मेल तडक जातो. तो शब्द स्क्रिप्टमध्ये कुठेच असू नये, टिप्पणीतही नको. उद्या दुसरा कोणी स्क्रिप्ट उघडून टिप्पणीची खूण काढेल.

इथे तीन गोष्टी हमखास अडवतात. एक, फाइलचा मार्ग पूर्ण द्या, ड्राइव्हच्या अक्षरापासून. नुसतं नाव दिलंत तर आउटलुक ते स्वतःच्या फोल्डरात शोधतं, तुमच्या नाही. दुसरी गोष्ट सहीची. आउटलुक तुमची नेहमीची सही ‘डिस्प्ले’च्या वेळी घालतं. त्यानंतर ‘बॉडी’ भरलीत की सही पुसली जाते, आणि आधी भरलीत तर बहुधा सही येतच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: कोरा मेल, लगेच ‘डिस्प्ले’, आणि मग ‘एचटीएमएलबॉडी’मध्ये आधी आपला मजकूर, त्याला जोडून तिथे आधीच असलेला मजकूर. सही खाली तशीच राहते. ओळी तोडायला तिथे ‘बीआर’ टॅग लागेल. तिसरी गोष्ट, पॉवरशेल ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडलं आणि आउटलुक साधं चालू असेल तर दोघांची गाठ पडत नाही, ‘सर्व्हर एक्झिक्युशन फेल्ड’ अशी तक्रार येते. दोन्ही साधेच उघडा.

अनेक पत्ते असतील तर मेलटूमध्ये त्यांच्यात स्वल्पविराम लागतो, पण आउटलुकच्या ‘टू’मध्ये अर्धविराम. एकाच यादीवरून दोन्ही चालवणार असाल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर चार पत्त्यांचा एक लांबलचक पत्ता होतो.

यादी वाचायला ‘इम्पोर्ट-सीएसव्ही’ आहे, त्याला ‘-एनकोडिंग यूटीएफ8’ सांगा. दर ओळीला मेल उघडण्याआधी ‘टेस्ट-पाथ’ने पीडीएफ खरंच त्या जागी आहे का ते बघा. नसेल तर तो मेल उघडूच नका, लाल अक्षरांत प्लॉट नंबर दाखवून पुढे जा. पीडीएफविना उघडलेला मेल घाईत तसाच जातो, आणि खरेदीदार फाइल मागतो तेव्हा ते कळतं. याच्याही पुढे जाऊन मी पीडीएफच्या नावात प्लॉट नंबर ठेवायला लावतो आणि ओळीतला नंबर फाइलच्या नावात सापडतो का हे स्क्रिप्टला तपासायला सांगतो. ओळ सरकण्याचा जो धोका वर म्हटला, तो इथेच अडतो. आणि सगळे मेल एकदम उघडू नका. हंगामाच्या ऐन दिवसात वीस-तीस खिडक्या एकावर एक आल्या की माणूस वाचायचं सोडून बटण दाबत सुटतो. दर मेलनंतर ‘रीड-होस्ट’ टाका, म्हणजे तुम्ही एंटर दाबल्याशिवाय पुढचा उघडणार नाही.

नव्या आउटलुकच्या संगणकावर यातलं काही चालणार नाही. त्याला बाहेरून असं हाताशी धरता येत नाही, ती सोयच त्यात ठेवलेली नाही. त्या संगणकावर जुनं आउटलुक ठेवता येत असेल तर तेच ठेवा. नसेल तर थंडरबर्ड टाका; ते फुकट आहे आणि त्याची कमांड चांगली आहे. ‘थंडरबर्ड -कंपोज’ आणि पुढे एका दुहेरी अवतरणात टू=, सब्जेक्ट=, बॉडी=, अटॅचमेंट= अशा जोड्या स्वल्पविरामाने. प्रत्येक किंमत एकेरी अवतरणात घाला, म्हणजे मजकुरातला स्वल्पविराम जोडी तोडणार नाही, आणि अनेक फाइल एकाच एकेरी अवतरणात स्वल्पविरामाने देता येतात. अर्थात फाइलच्या नावात स्वल्पविराम असेल तर गडबड होणारच, तेव्हा नावं साधी ठेवा. मजकूर मोठा असेल किंवा त्यातच एकेरी अवतरण असेल तर बॉडी= सोडून मेसेज= वापरा आणि त्याला मजकुराच्या फाइलचा मार्ग द्या.

लिनक्सवर थंडरबर्डची हीच कमांड चालते, पण उबुंटू 24.04 पासून ते ‘स्नॅप’ पुडक्यात (बाकी संगणकापासून वेगळं ठेवलेल्या) येतं आणि स्नॅपचं /टीएमपी फोल्डर वेगळं असतं. स्क्रिप्टने पीडीएफ /टीएमपीमध्ये बनवली की ती डोळ्यांना दिसते, थंडरबर्डला दिसत नाही. घरच्या फोल्डरात साधं, टिंबाने सुरू न होणारं फोल्डर करून त्यात ठेवा. प्रोग्राम कोणता आहे ते ठाऊक नसेल तर ‘एक्सडीजी-ईमेल’ ही कमांड आहे, तिला --सब्जेक्ट, --बॉडी, --अटॅच असे पर्याय आहेत. जोडणी मात्र समोरच्या प्रोग्रामवर अवलंबून. टर्मिनलवरच राहणाऱ्यांना ‘मट’ हा मेल प्रोग्राम पुरेसा आहे, पण त्याच्या -ए नंतर फाइलची नावं संपली की -- टाकावंच लागतं, नाहीतर तो पत्त्यालाही फाइल समजतो. आणि मटला मजकूर पाइपमधून (दुसऱ्या कमांडमधून थेट) दिलात तर तो न विचारता पाठवतो. तुम्हाला थांबायला हवं आहे, म्हणून मजकूर -आय ने फाइलमधून द्या.

मालकांच्या जीमेलचं वेगळं. ब्राउझरमध्ये जीमेलची लिहिण्याची खिडकी लिंकने भरून उघडता येते, त्यात विषयाचं फील्ड ‘सब्जेक्ट’ नसून नुसतं ‘एसयू’ असतं, पण फाइल तिथेही जोडता येत नाही. म्हणून मी मसुदा थेट त्यांच्या ‘ड्राफ्ट्स’मध्ये नेऊन ठेवतो. पायथॉनमध्ये ‘ईमेलमेसेज’ने मेल बांधायचा, मराठी विषय आणि पीडीएफ दोन्ही तो नीट गुंडाळतो, आणि ‘आयमॅपलिब’च्या (आयमॅप म्हणजे सर्व्हरवरच्या मेलपेटीशी बोलण्याची पद्धत) ‘अपेंड’ने, ड्राफ्टची खूण लावून, त्या फोल्डरात टाकायचा. जीमेलसाठी 993 पोर्ट. नेहमीचा पासवर्ड चालत नाही. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून 16 अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढावा लागतो. तो स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका, त्या पासवर्डने सगळी मेलपेटी उघडते. आणि मालकांनी जीमेल मराठीत ठेवलं असेल तर ड्राफ्ट्सच्या फोल्डरचं नावही बदललेलं असतं, तेव्हा नावावर न जाता फोल्डरांच्या यादीत ‘ड्राफ्ट्स’ची खूण असलेला फोल्डर शोधा. या पद्धतीचा मोठा फायदा असा की मालक बागेत उभे असले तरी फोनवर मसुदा उघडतात, पीडीएफ बघतात आणि तिथूनच पाठवतात. कंपनीचं खातं मायक्रोसॉफ्ट 365 वर असेल तर तिथे आयमॅपला नुसता पासवर्ड चालत नाही; ग्राफ नावाच्या त्यांच्या सेवेतून मसुदा तयार करता येतो, पण त्याची परवानगी तुमच्या खात्यांची देखभाल करणाऱ्याकडून घ्यावी लागेल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर जुन्या आउटलुकच्या एका संगणकावर पॉवरशेलपासून सुरुवात करा. पहिल्यांदा चालवताना खऱ्या यादीऐवजी तीन ओळींची यादी घ्या आणि तिन्हींत पत्ता तुमचा स्वतःचाच टाका. पहिल्या ओळीत जोडाक्षरं भरपूर असलेलं मराठी नाव आणि विषयात &. दुसऱ्या ओळीत तीन पीडीएफ. तिसऱ्या ओळीत मुद्दाम दुसऱ्याच प्लॉटची पीडीएफ. पहिले दोन मेल पाठवून फोनवर उघडून बघा, आणि तिसरा उघडलाच नाही पाहिजे. तो उघडला तर खऱ्या यादीला हात लावू नका, तपासणीची ती ओळ इथे टाका, आपण बघू.